मोठीमायने पाहिलेली विमानशाळा

मोठीमाय कोणत्याही परक्या घरात गेली की आधी पाणी मागायची. तहान असो वा नसो. ओसरीवर टेकायची, पदराने मान पुसायची आणि म्हणायची, "पानी आना व कोनी." पिण्यापेक्षा ते पाणी येतं कसं, याकडे तिचं लक्ष असायचं. कोण उठलं, कोणाला उठवलं, तांब्या घासलेला आहे का, आणणारीचा चेहरा कसा आहे. नांदुऱ्यापासून संग्रामपूरपर्यंत तिने जुळवलेल्या सगळ्या सोयरिकी या ग्लासभर पाण्यावर उभ्या होत्या. ती माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मोठेबाबा लवकर गेले, आणि नांदुऱ्याच्या आमच्या घरात तिच्या शब्दापलीकडे कोणी जात नसे. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. लोक अजून तिचं नाव निघालं की डोळे पुसतात. मला मात्र तिची आठवण आली की आधी राग येतो. तिच्यावर माझा जीव होता, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

एकदा नात्यातल्या एका मुलीसाठी बीबी गावी घर पाहायला गेलो होतो. शाळेला सुट्टी म्हणून मीही होते. दुमजली घर, दारात ट्रॅक्टर, मुलगा दिसायला चांगला. सासूबाईंनी आत तोंड करून हाक मारली, "ए, पाणी आण." थोरली सून आली, पाणी ठेवून गेली. पोहे झाले, चहा झाला, आमची मंडळी खुशीत. बसस्टँडवर आल्यावर मोठीमाय म्हणाली, "जमत नाई." सगळ्यांनी कारण विचारलं. ती म्हणाली, "त्या घरात सुनेले नाव नाई. आपल्या पोरीचं नाव आपन हौसेनं ठेवलं हाये." त्या दिवशी मला ती फार मोठी बाई वाटली. अजूनही वाटते, म्हणून तर जास्त चीड येते.

तिचा दुसरा नियम पहिल्यापेक्षा कडक होता. पसंती कळवेपर्यंत ती हजार चुका काढायची. पण एकदा हो म्हटलं आणि चार माणसांत सुपारी फोडली की विषय संपला. तिच्या चंचीत अडकित्ता कायम असायचा. सुपारी फुटल्यावर मुलीकडच्यांनी 'पण' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. "पाहाचं तवा डोये फाडून पाहा. मंग झाकून घ्या," असं ती मुलींच्या आयांना सांगायची. आपण जुळवलेलं एकही लग्न मोडलं नाही, हे ती अभिमानाने सांगायची, आणि ते खरंच होतं. का मोडलं नाही, याची चौकशी कोणी केली नाही. ज्या मुली त्या घरांमध्ये राहिल्या त्यांना विचारावं, असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

मी वैमानिक व्हायचं म्हटलं तेव्हा भाऊबंद आमच्या ओसरीवर जमले. बाबा हायस्कूलवर शिक्षक, घरची थोडी शेती, आणि पोरगी विमान शिकायला परदेशात पाठवायची. परत आल्यावर हिच्याशी लग्न कोण करणार, हा सगळ्यांचा प्रश्न. मोठीमाय कोपऱ्यात सुपारी कातरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तिचं लगन लावाची जबाबदारी माई. तुमची जबाबदारी कोनती, ते सांगा." भाऊबंद चहा पिऊन उठले. मी गेले. तिकडे पहिल्या थंडीत मी रडकुंडीला आले की ती फोनवर विचारायची, "वर गेल्यावर आपली नदी दिसते का व?" नाही दिसत म्हटलं तर म्हणायची, "मंग अजून वर जाय." तिने त्या दिवशी तोंड उघडलं नसतं तर मी आज कुठेच नसते. हे उपकार तिने कधी बोलून दाखवले नाहीत, आणि म्हणूनच पुढे तिच्यासमोर माझं तोंड बंद झालं.

परदेशातून मी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना घेऊन आले. गावात पेढे वाटले गेले. पण तो परवाना इथे तसाच चालत नाही, तो भारतीय करून घ्यावा लागतो. इथल्या परीक्षा द्यायच्या, त्या मी दिल्या. मग इथल्या एखाद्या उड्डाणशाळेत नाव घालून, त्यांच्या विमानावर, परीक्षकासमोर ठरलेली उड्डाणं करून दाखवायची. दिवसाची, रात्रीची, दूरच्या पल्ल्याची. काम मोजक्याच उड्डाणांचं असतं. पण त्याला मुदत असते. फार जुनं उड्डाण मोजत नाहीत. जेवढा उशीर, तेवढे आपण आधी उडालेले तास एकेक करून गळत जातात, आणि गळलेले पुन्हा उडावे लागतात. शिवाय कंपन्यांमध्ये जो आधी लागला तो जन्मभर पुढे. म्हणून शाळा निवडताना चूक परवडत नाही. हे मी बाबांना शंभरदा सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "वहिनींना घेऊन जाऊ. त्यांची नजर चांगली आहे."

अशी मोठीमाय विमानाची शाळा पाहायला निघाली. नवं लुगडं, चंची, डब्यात पुऱ्या. नांदुऱ्याहून आम्ही तिघं रेल्वेने गेलो. गाडीत तिने शेजारच्या बाईला सांगितलं, "पोरीसाठी एक ठिकान पाहाले चाल्लो." ती बाई साहजिकच म्हणाली, "मुलगा काय करतो?" बाबा हसले. मी नाही हसले.

पहिली शाळा दूर दक्षिणेकडे होती. फाटकावर आम्हाला बराच वेळ उभं केलं. आत धूळ, गोंगाट, दर थोड्या वेळाने डोक्यावरून एक विमान. मुख्य प्रशिक्षक एक मध्यमवयीन बाई होत्या, कपाळावर कायमची आठी. मोठीमायने पाणी मागितलं तर त्या म्हणाल्या, "बाहेर कूलर आहे." मग माझ्याकडे वळून एका दमात सांगितलं की आज कोणती विमानं उडतायत आणि कोणतं बंद आहे, माझ्यापुढे किती जण रांगेत आहेत, परीक्षक साधारण कधी येतात, आणि पावसाळी हवेत काम लांबतं. शेवटी म्हणाल्या, "जमत असेल तर या. गोड बोलायला मला वेळ नसतो." मला वाटलं, हीच. बाहेर येताच मोठीमायने निकाल दिला, "मानसात मानूस नाई. घोटभर पान्यासाठी बुढीले उन्हात धाडते. तुले ताप आला तं कोन पाहीन तठी?"

दुसऱ्या शाळेचं नाव मी लिहीत नाही, लिहिण्याच्या लायकीचं नाही म्हणून. हिरवळ, कुंड्या, भिंतीवर टोप्या घातलेल्या मुलांचे फोटो. मालक स्वतः कॅप्टन. दारापर्यंत आले आणि वाकून मोठीमायच्या पाया पडले. "मावशी, माझी आई तुमच्याच भागातली, संग्रामपूरकडची." झालं. पाणी ट्रेमध्ये आलं, सोबत गूळ आणि शेंगदाणे, आणि आणणाऱ्या मुलीला कॅप्टनने नावाने हाक मारली. मोठीमायचा चेहरा उजळला. मी विचारलं, आज उडण्याजोगी विमानं किती आहेत. ते हसून म्हणाले, "बेटा, सब हो जाएगा. घरचीच शाळा आहे." परीक्षक कधी येतात? "आपण बोलावू तेव्हा." दुरुस्तीचा इंजिनिअर इथलाच का? "अरे, फार हुशार आहे तुमची मुलगी, मावशी." सगळी दुपार आम्ही तिथे होतो. एकदाही विमानाचा आवाज ऐकू आला नाही.

मी मोठीमायला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, "मला इथे नांदायचं नाहीये गं, उडायचंय."

"तुले अठी राहाचं तं हाये ना?" ती म्हणाली. "मानसं चांगले असले की बाकीचं जुयते. विमानं काय, आज नाई तं उद्या उडतीन."

बाबा स्वतःच्या बुटांकडे बघत उभे होते. मग ती आत गेली, चंची सोडली, कॅप्टनच्या काचेच्या टेबलावर अडकित्त्याने सुपारी फोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती कपाळाला लावली. एवढी शिकलेली मी, दोनशेच्या वर तास आकाशात काढलेली, माझं आयुष्य त्या टेबलावर कातरलं जाताना बाजूला उभी होते. फी भरली गेली, कागद त्यांच्या कपाटात गेले, आणि ते कपाट त्यांच्या मर्जीशिवाय पुन्हा उघडणार नव्हतं.

पुढे काय झालं असेल ते कोणीही सांगेल. कागदावर विमानं होती. त्यातलं एक शेडमध्ये इंजिनाविना पडलेलं, एक कुठल्याशा सुट्या भागाची वाट बघणारं, आणि एक कधीमधी उडायचं ते नव्या पोरांना घेऊन, कारण नवी पोरं पूर्ण अभ्यासक्रमाची, मोठी फी भरणारी होती आणि आमच्यासारख्यांचं काम थोडक्याचं. आम्ही रांगेत कायम शेवटी. कॅप्टन कधी 'नाही' म्हणाला नाही. त्याला तो शब्दच येत नसावा. रोज सकाळी खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "बेटा, पुढच्या आठवड्यात पक्कं." दिवाळीला घरी जेवायला बोलावलं, त्याच्या बायकोने साडी दिली. प्रवेशाच्या दिवसांत मला गणवेश घालून फाटकाशी उभं केलं, येणाऱ्या पालकांना दाखवायला. परदेशात शिकून आलेली मुलगीसुद्धा आमच्याकडेच आली, असं तो माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, आणि मी हसायचे. ज्यांना अशी शाळा अजून निवडायची आहे त्यांनी माझं एवढं ऐकावं. फोटो पाहू नका, पाहुणचार पाहू नका. सकाळी जा, संध्याकाळपर्यंत आकाशाकडे बघत बसा, आणि तिथे अडकलेल्या माझ्यासारख्या पोरांना फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर गाठून विचारा. आणि जो कधीच नाही म्हणत नाही त्याच्या हातात स्वतःचे कागद देऊ नका.

मोठीमायचा फोन दर रविवारी यायचा. "कसे हायेत मानसं?"

"माणसं चांगली आहेत. विमान नाही."

"मानसं चांगले हायेत ना? मंग झालं. शालूही सुरुवातीले असंच म्हने. आता पाह्य कशी रुयली."

शालूताई तिची एकुलती एक लेक, माझी चुलत बहीण. तिला संग्रामपूरला दिली होती. घर खुद्द मोठीमायने पाहिलेलं, पाण्याच्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास झालेलं. शालूताई डी.एड. झालेली होती, मुलांना शिकवायची तिला भारी हौस. लग्न ठरताना सासऱ्यांनी सांगितलं होतं, नोकरी करू देऊ. लग्नानंतर म्हणाले, यंदा नको, पुढच्या वर्षी पाहू. कधी नणंदेचं लग्न, कधी बाळंतपण, कधी सासूचं दुखणं. कोणी तिला टाकून बोललं नाही, हात उगारणं तर दूरच. फक्त पुढचं वर्ष कधी आलं नाही, आणि भरतीची वयोमर्यादा निघून गेली. सुरुवातीला ती माहेरी फोन करून रडायची. मोठीमाय म्हणायची, मानसं चांगले हायेत ना, मग थोडं सोस. पुढे तिने रडणं सोडलं, आणि मोठीमायने त्यालाच रुळणं म्हटलं. विमानशाळेचा राग मला होताच. पण त्या रविवारी फोन ठेवल्यावर मला कळलं की माझ्या आधी याच सुपारीने कितीतरी जणींना असंच कपाटात घातलं आहे, आणि ते करणाऱ्या बाईवर सगळा गाव जीव टाकतो. मीसुद्धा टाकते.

माझे जुने तास गळायला लागले. माझ्याबरोबर परदेशातून आलेली दोघं दुसऱ्या शाळांमधून बाहेर पडून कंपनीत लागली. मी बाबांना म्हटलं, मला इथून काढा. बाबा म्हणाले, "वहिनींना विचारतो." वहिनींनी सांगितलं, सुपारी फुटली हाये. मग मी मोठीमायला फोन करून एवढंच म्हटलं, "तू एकदा येऊन बघ. बाबांना आणू नकोस, कॅप्टनला कळवू नकोस."

ती आली. एकटी, एसटी बदलत बदलत, कॅप्टनच्या बायकोसाठी पिशवीत कुरड्या घेऊन. कॅप्टन बाहेर गेला होता. मी तिला सरळ शेडकडे नेलं. कधीमधी उडणारं विमानही आता बंद होतं. चाकांभोवती गवत वाढलेलं, काचेवर धूळ. पंखाखाली एक बारीक नळी असते, तिच्यातून हवेचा वेग कळतो. तिच्यावरची टोपी कोणीतरी हरवली होती आणि तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर बांधून ठेवलं होतं. मोठीमाय वाकली. बोटाने ती माती चाचपली. पूर्ण वाळलेली होती.

"हे कवा उडालं होतं?" तिने विचारलं.

मी बोटाने चाकांभोवतीचं गवत दाखवलं.

तेवढ्यात कॅप्टनची गाडी आली. तोच हात जोडून हसणं, तेच पाया पडणं. "मावशी, कळवायचं तरी. काळजी करू नका, पुढच्या आठवड्यात पक्कं."

मोठीमाय त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो अजून बोलतच होता, आणि ती मला म्हणाली, "शालूच्या सासऱ्याचा आवाज असाच हाये." मग त्याला म्हणाली, "साहेब, माया पोरीचे कागद द्या."

"मावशी, असं कसं? आपली सुपारी फुटलीये."

"हाव. मीच फोडली. आता मीच मोडून राह्यलो."

कागद लगेच मिळाले नाहीत. अशा लोकांकडून लगेच काही मिळत नाही. पण ती त्याच्या ऑफिसात ठाण मांडून बसली, नवे पालक आले की त्यांना शेडकडे बोट दाखवून सांगायची, "आधी ते विमान पाहून या." दुसऱ्या दिवशी दुपारी कागद हातात आले. ती पिशवीतल्या कुरड्या परत घेऊन निघाली.

मी त्या आठी घातलेल्या बाईंच्या शाळेत गेले. त्यांनी माझे कागद चाळले आणि म्हणाल्या, "आधी का नाही आलात?" जे तास गळले होते ते पुन्हा उडून भरून काढले. बाई माझ्याशी एक शब्द गोड बोलल्या नाहीत, आणि जे सांगितलं ते सगळं सांगितल्याप्रमाणे झालं. परवाना मिळाला. आज मी उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीत बसते आणि डाव्या, मुख्य वैमानिकाच्या खुर्चीत कधीकधी माझ्या मागून शिकलेला मुलगा असतो. तो माझा वरिष्ठ आहे आणि कायम राहणार. हे दर वेळी मला खुपतं. ते खुपू नये असा समजूतदारपणा मला कोणी शिकवू नये.

परवाना घेऊन मी नांदुऱ्याला आले तेव्हा मोठीमायने तो हातात धरला. वाचता येत असूनही वाचला नाही, नुसती त्याच्यावरून बोटं फिरवत राहिली. मग उठली, लुगडं बदललं आणि म्हणाली, "चाल रूपे, संग्रामपूरले जाऊ. शालूले आनतो."

एसटीत ती खिडकीशी बसली होती, चंची मांडीवर घट्ट धरून.

संग्रामपूरला शालूताई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. केस पांढरे झालेले, चेहरा शांत. आम्हाला बघून तिला आनंद झाला, तो खरा होता. मोठीमाय उभ्याउभ्याच म्हणाली, "बॅग भर शालू. घरी चाल. रूपीले आनलं तसं तुलेही नेतो. काही ना काही करू. गावात शिकवनी घेजो, बालवाडी काढजो."

शालूताईने आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मिरच्या पसरणारा तिचा हात थांबला नाही.

"माया पोराचं लगन हाये येत्या उन्हाळ्यात," ती म्हणाली. "मी आता सासू होईन, माय. कोठी येऊ?"

"मी चुकलो व," मोठीमाय म्हणाली.

"तू आली, बरं केलं. जेऊन जा." शालूताईचा आवाज जराही चढला नाही. "पन मी रडत फोन करत होती तवा येयाचं होतं."

मोठीमाय म्हणाली, "हाव." मग खाली बसली आणि लेकीबरोबर मिरच्या पसरू लागली.